‘ब्लेड रनर’ आवडला नव्हता, म्हणून ‘२०४९’ टाळायचा?

‘ब्लेड रनर’ आवडला नसेल तर ‘ब्लेड रनर २०४९’च्या वाटेला जाऊ नये, असे विज्ञानपटांचे चाहते इतक्या ठामपणे सांगतात की नवख्या प्रेक्षकाला तो नियमच वाटावा. असा नियम नाही. उलट या सल्ल्याने कितीतरी जण एका उत्तम चित्रपटाला मुकतात.

मुळात न आवडलेला ‘ब्लेड रनर’ कोणता? १९८२ साली अमेरिकेत लागलेल्या आवृत्तीत हॅरिसन फोर्डच्या आवाजातले निवेदन होते, शेवटही गोड होता. चाचणी खेळांना आलेले प्रेक्षक गोंधळले, म्हणून निर्मात्यांच्या आग्रहाने हे बदल झाले. शेवटची डोंगराळ हवाई दृश्ये तर कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित होऊन उरलेली! १९९२च्या आवृत्तीतून निवेदन आणि तो शेवट दोन्ही गेले. २००७ची ‘फायनल कट’ ही रिडली स्कॉटच्या पूर्ण नियंत्रणाखाली तयार झालेली आवृत्ती. १९८२ची आवृत्ती पाहून नाक मुरडणाऱ्याने हा चित्रपट पाहिलेलाच नाही, असे म्हणायला हरकत नाही.

डेनी व्हिलनव्हच्या ‘२०४९’ला (२०१७) मूळ चित्रपटाची भक्ती लागत नाही. रेप्लिकंट (कृत्रिम मानव) म्हणजे काय, त्यांनी बंड कसे केले, हे सुरुवातीच्या मजकुरातच येते. कथा ‘के’ या रेप्लिकंटची आहे. मूळ चित्रपटाचा नायक, फोर्डचा डेकार्ड, येतो तोवर निम्म्याहून अधिक चित्रपट सरलेला असतो. मूळ चित्रपटाच्या शेवटी डेकार्ड आणि रेप्लिकंट रेचल एकत्र पळाले, एवढे ठाऊक असले की पुरते.

नावड कशामुळे होती, हे मात्र तपासावे. संथपणाचा कंटाळा आला असेल, तर १६३ मिनिटांचा हा चित्रपट अधिकच संथ आहे. डेकार्ड दार अडवून रेचलवर जबरदस्ती करतो तो प्रसंग खटकला असेल (खटकावाच), तर पुढचा भागही त्या नात्याला प्रेमच मानतो.

मूळ कलाकृतीवर प्रेम हवेच, तर निकोलस मेयरचे काय करायचे? ‘द रॅथ ऑफ खान’चे (१९८२) दिग्दर्शन हाती येईपर्यंत त्याला ‘स्टार ट्रेक’ जवळपास ठाऊकच नव्हते. आज अनेक चाहते त्याच चित्रपटाला मालिकेतला सर्वोत्तम मानतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘पुढचा भाग हिणकसच असतो’: ‘टर्मिनेटर २’ला चार ऑस्कर मिळाले, पहिल्याला एकही नाही. ‘सगळे भाग क्रमाने पाहायलाच हवेत’: ‘मॅड मॅक्स २’ अमेरिकेत ‘द रोड वॉरियर’ या नावाने लागला, कारण पहिला भाग तिथे फारसा कोणी पाहिलाच नव्हता. ‘२०४९ पडला, म्हणजे वाईट’: १९८२चा मूळ चित्रपटही तिकीटबारीवर पडला होता, आणि छायालेखक रॉजर डीकिन्सला चौदाव्या नामांकनात पहिले ऑस्कर मिळाले ते ‘२०४९’साठीच. ‘आधीचे तीन लघुपट पाहावेच लागतात’: नाही, पण शिनिचिरो वातानाबेचा ‘ब्लॅक आउट २०२२’ जरूर पाहावा, जुन्या नोंदी कशा पुसल्या गेल्या ते त्यात आहे.