अस्वल पुलाखाली बसलंय, सांभाळून या!

१९७५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या एखाद्या महामार्गावर हे वाक्य कानी पडलं, की मागून येणारे ट्रकवाले एकदम सभ्य व्हायचे. पाय ॲक्सिलरेटरवरून वर, काटा ताशी ५५ मैलांवर, चेहरा देवळातून आल्यासारखा. कारण अस्वल म्हणजे पोलीस. तिकडच्या हायवे पोलिसांची रुंद कडांची टोपी आणि वणवे लावू नका असं सांगणाऱ्या सरकारी जाहिरातीतल्या 'स्मोकी' अस्वलाची टोपी अगदी सारखी. त्यामुळे पोलीस झाला 'स्मोकी'. पुढे सगळं जंगलच तयार झालं: हेलिकॉप्टरमधून पाहणारा 'हवेतलं अस्वल', पोलीस ठाणं 'अस्वलाची गुहा' आणि दंडाची पावती म्हणजे 'अस्वलाचा चावा'. रडार रोखून बसलेल्याला 'कोजॅक विथ अ कोडॅक' म्हणत. कोजॅक हा तेव्हाच्या टीव्हीवरचा लॉलीपॉप चोखणारा टकलू डिटेक्टिव्ह.

आपल्याकडे हेच काम हेडलाइट करतो. समोरच्या गाडीने दोनदा डिपर मारला, की पुढे मामा उभे आहेत हे शेजारच्या सीटवरच्या पोरालाही कळतं. त्यांनी पोलिसाला अस्वल केलं, आपण मामा. फरक इतकाच, की आपला डिपर मुका. अमेरिकन ड्रायव्हर मात्र बोलायचे, तासन् तास बोलायचे, आणि तेही ओळखदेख नसलेल्या माणसांशी. त्यासाठी त्यांच्याकडे होता सिटिझन्स बँड, म्हणजे सीबी रेडिओ.

झिरोच्या बल्बपेक्षाही कमी

डॅशबोर्डखाली स्क्रूने आवळलेली एक चपटी पेटी. तिला तीन मुख्य बटणं: चॅनल, आवाज आणि 'स्क्वेल्च'. तिसरं बटण सगळ्यात खट्याळ. कुणी बोलत नसताना रेडिओ नुसता खरखरतो. हे बटण हळूहळू फिरवायचं आणि खरखर जिथे थांबेल नेमकं तिथेच सोडायचं. थोडं जास्त फिरलं, की खरखरीबरोबर लांबून येणारा बारीक आवाजही गायब. बाजूच्या आकड्याला गुंडाळीच्या वायरचा माइक. त्याचं बटण दाबलं की बोला, सोडलं की ऐका. बोलताना ऐकू येत नाही, त्यामुळे दोघांनी एकदम दाबलं तर तिसऱ्याच्या कानात फक्त शिट्टी वाजते.

ताकद किती? ४ वॉट. आपला 'झिरोचा बल्ब'सुद्धा प्रत्यक्षात १५ वॉटचा असतो. एवढ्याशा जोरावर आवाज पाच-दहा किलोमीटर सहज जातो, मोकळ्या माळावर आणखी थोडा. या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर, म्हणून सरळ हिशेबाचा पाव लांबीचा अँटेना भरतो जवळजवळ ९ फूट. ट्रकच्या आरशाजवळ झुलणारी ती लांब काठी शोभेची नव्हती.

मनगटावरचा रेडिओ आधी कॉमिकमध्ये

सीबीचा जनक म्हणून अल ग्रॉस यांचं नाव घेतलं जातं. पोरवयातच त्यांनी हातात धरता येईल असा बोलका रेडिओ जुळवला होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन गुप्तहेरांसाठी संदेशयंत्रणा बनवायला हातभार लावला, जिच्यावरून शत्रूच्या मुलखात बसलेला माणूस वर घिरट्या घालणाऱ्या विमानाशी बोलू शकत असे. डिक ट्रेसी या कॉमिकचे चित्रकार चेस्टर गूल्ड यांनी ग्रॉस यांच्या कामावरून कल्पना उचलली आणि आपल्या डिटेक्टिव्हच्या मनगटावर रेडिओ बांधला. आज स्मार्टवॉचवर फोन घेणाऱ्याने या दोघांची आठवण काढायला हरकत नाही.

सामान्य नागरिकासाठी रेडिओ ही सोय अमेरिकेत १९४५ मध्ये कागदावर आली, पण तेव्हाची यंत्रं महाग. खरी सुरुवात १९५८ ची. त्या वर्षी सरकारने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांकडून ११ मीटरचा पट्टा काढून घेतला आणि २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे २३ चॅनल आम जनतेला दिले. परीक्षा नाही, मोर्स कोड नाही. परीक्षा देऊन हॅम झालेली मंडळी हा अपमान कधी विसरली नाहीत. जुना हॅम आणि सीबीवाला यांच्यात आजही सवतीमत्सर सापडतो.

तेल संपलं, बोलणं वाढलं

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं. डिझेल महागलं, पंपांवर रांगा लागल्या आणि इंधन वाचवायला निक्सन सरकारने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. ट्रकवाल्याला पैसे मिळायचे मैलावर. वेग कमी म्हणजे कमाई कमी. तेव्हा त्याच्यापुढे दोनच प्रश्न होते: डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे उभा आहे? दोन्हींचं उत्तर ४ वॉटच्या पेटीत होतं. त्या डिसेंबरात चिडलेल्या ड्रायव्हरांनी हमरस्ते अडवले, तेव्हा एकमेकांना निरोप द्यायला हीच पेटी कामी आली.

मग जे झालं त्याला साथ म्हणावं लागेल. १९७६ च्या जानेवारीत 'कॉन्व्हॉय' हे ट्रकवाल्यांच्या सीबी बोलीतलं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर पोचलं. गायक सी. डब्ल्यू. मॅकॉल. गंमत म्हणजे या नावाचा ट्रक ड्रायव्हर नव्हताच! ओमाहा शहरातल्या जाहिरात कंपनीत काम करणाऱ्या बिल फ्राइज यांनी पावाच्या जाहिरातीसाठी हे पात्र रचलं होतं. फ्राइज पुढे कोलोरॅडोमधल्या उरे या डोंगरी गावाचे महापौर झाले. गाण्यावरून सॅम पेकिनपा यांनी १९७८ मध्ये सिनेमा काढला. त्याआधी १९७७ मध्ये बर्ट रेनॉल्ड्सचा 'स्मोकी अँड द बँडिट' येऊन गेला होता. त्या वर्षी अमेरिकेतल्या कमाईत त्याच्या पुढे होता फक्त 'स्टार वॉर्स'.

राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड निवडणुकीच्या प्रचारात सीबीवर यायच्या. त्यांचं हँडल होतं 'फर्स्ट मामा'. हँडल म्हणजे सीबीवरचं टोपणनाव. कायद्याने खरं तर सरकारी कॉल साइन सांगायची होती, पण ती सांगतो कोण? परवान्याची फी १९७५ मध्ये २० डॉलरवरून ४ वर आणली, तरी असंख्य लोकांनी अर्जच केला नाही. शेवटी १९८३ मध्ये सरकारनेच परवाना रद्द केला. लोक कायदा पाळत नाहीत तेव्हा कायदाच काढून टाकायचा, हा उपाय मला फार आवडला.

पोलिसांचीच भाषा, पोलिसांनाच चकवा

'टेन-फोर' म्हणजे समजलं. 'ट्वेंटी काय तुझा?' म्हणजे कुठे आहेस, कारण मूळ आकडा टेन-ट्वेंटी. हे आकडे ट्रकवाल्यांनी शोधलेले नाहीत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय राज्याच्या पोलीस खात्यातले चार्ल्स हॉपर यांनी ते बसवले. प्रत्येक आकड्याआधी 'टेन' का? जुन्या वायरलेसला बटण दाबल्यावर जोर धरायला क्षणभर लागायचा आणि पहिलं अक्षर गिळलं जायचं. म्हणून आधी एक बिनकामाचा शब्द बळी द्यायचा, मग मुद्द्याचा आकडा. पोलिसांना चुकवण्यासाठी ट्रकवाल्यांनी पोलिसांचीच बोली वापरावी, यापरता विनोद नाही.

बाकी शब्द त्यांचे स्वतःचे. रस्त्यावर पडलेला फाटक्या टायरचा पट्टा 'मगर', वजनकाट्याचं ठाणं 'कोंबड्यांचं खुराडं', भूकंपांचं लॉस एंजेलिस 'डगमगपूर'. चॅनल १९ ट्रकवाल्यांचा, चॅनल ९ संकटासाठी राखीव.

गर्दीने मारलं

मोबाइल आला आणि सीबी गेला, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मोबाइल हातात यायच्या कितीतरी आधी सीबी गुदमरला होता, तो स्वतःच्या लोकप्रियतेने. शहरात एका चॅनलवर शंभर जण एकदम बोलू लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही. १ जानेवारी १९७७ पासून २३ चे ४० चॅनल झाले. त्याबरोबर जुन्या संचांची किंमत कोसळली, गोदामं भरून राहिली आणि हाय-गेनसारखी मोठी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

त्यात शेजाऱ्यांचा राग. २७ ची दुप्पट ५४, आणि अमेरिकेत टीव्हीचा चॅनल २ सुरू व्हायचा नेमका ५४ मेगाहर्ट्झला. त्यामुळे एखादा हौशी गडी रात्री माइक हातात घ्यायचा आणि बाजूच्या घरात मालिकेच्या मध्येच पडद्यावर रेघा नाचायच्या. बेकायदा ॲम्प्लिफायर लावून ४ चे ४०० वॉट करणारे महाभाग वेगळेच.

आणि वर सूर्य! साधारण ११ वर्षांनी सूर्यावरचे डाग वाढतात, तेव्हा वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर या लहरी परत खाली फेकतो. मग पलीकडच्या गल्लीतला ऐकू येत नाही, पण हजार मैलांवरचा कानात बोलतो. सीबीवाले याला 'स्किप' म्हणतात. अमेरिकेत नियम असा, की २५० किलोमीटरपलीकडच्या माणसाशी बोलायचं नाही. ऐकायला मुभा, उत्तर द्यायला बंदी. हा नियम २०१७ मध्ये एकदाचा गेला.

चोरून होतं तोवर गोड

ब्रिटनमध्ये तऱ्हाच निराळी. तिथे सीबीवर बंदी, म्हणून अमेरिकन संच चोरून यायचे आणि तरुण पोरं आडोशाला गाडी लावून रात्र रात्र बोलायची. २ नोव्हेंबर १९८१ ला सरकारने परवानगी दिली, पण वेगळ्या पद्धतीच्या, एफएम संचाला. सगळ्यांनी रांग लावून परवाने घेतले आणि काही वर्षांतच बहुतेकांचा उत्साह मावळला. माझं मत विचाराल तर बंदी हाच तिथल्या सीबीचा मसाला होता.

पोलंडमध्ये तो पार एकविसाव्या शतकापर्यंत जोरात होता. नंतर पोलिसांची खबर देणारं ॲप आलं. त्याचं नाव 'यानोसिक'. हा तिकडच्या लोककथांमधला दरोडेखोर.

टोपणनावाचा वारसा

१९८० मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने संगणकावरून अनेकांनी एकदम गप्पा मारायची सोय काढली. तिचं नावच 'सीबी सिम्युलेटर' आणि चॅनल मोजून ४०. आत शिरताना हँडल घ्यावं लागायचं. आज सोशल मीडियावर तुमचं जे 'हँडल' आहे, ते त्या ट्रकच्या केबिनमधून आलेलं आहे.

सामसूम तारते

सीबी आज टिकून आहे तो जिथे माणसं विरळ आहेत तिथे. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात शेकडो किलोमीटर टॉवर नाही. तिथे तीन-चार ट्रेलर ओढणारे 'रोड ट्रेन' धावतात. तिकडचा लोकप्रिय सीबी ४७७ मेगाहर्ट्झचा, आवाज स्वच्छ. चॅनल ४० वर ट्रकवाल्याला विचारायचं, "ओव्हरटेक करू का?" तो वरून रस्ता बघून सांगतो. ५ आणि ३५ संकटासाठी. तिथे गप्पा मारल्या तर दंड.

अमेरिकेतही चॅनल १९ पूर्ण मेलेला नाही. पुढे अपघात झालाय, डावी लेन सोडा, हे सांगायला कुणाचा नंबर लागत नाही, रिचार्ज लागत नाही. जो जवळ आहे त्याला ऐकू जातं. अवजड माल नेणाऱ्या ट्रकपुढची पायलट गाडी अजून सीबीवर बोलते. काही ट्रक स्टॉपवर संच उघडून 'ट्यून' करून देणारी दुकानं आहेत. शिवाय २०१२ पासून ट्रकवाल्यांना गाडी चालवताना हातात फोन धरायला बंदी आहे, पण त्या नियमातून सीबीचा माइक वगळलेला आहे. २०२१ मध्ये अमेरिकेने सीबीवर एफएमला परवानगी दिली. मेलेल्या माणसाला कुणी नवे कपडे शिवत नाही. आणि चॅनल ६ वर दांडग्या ॲम्प्लिफायरवाल्यांची आखाडेबाजी चालूच आहे. तिला ते 'सुपरबोल' म्हणतात.

आणि आपल्याकडे?

भारतात २७ मेगाहर्ट्झ घराघरात येऊन गेला, फक्त खेळण्यात. रिमोटच्या जुन्या गाडीच्या पोटाखाली पाहा, बहुधा '२७ मेगाहर्ट्झ' छापलेलं सापडेल. सीबीच्या १५ आणि १६ नंबरच्या चॅनलांमध्ये एक रिकामी फट सोडलेली आहे, २७.१४५, अनेक गाड्या तिथेच धावतात. बोलण्यासाठी मात्र आपल्याला सीबी उशिरा खुला झाला. २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झमधला, अंगचाच अँटेना असलेला ५ वॉटपर्यंतचा संच परवान्याविना वापरता येतो. तोवर लोकांच्या खिशात मोबाइल आला होता.

हे वाचून हौस आली असेल तर एक सांगतो. ऑनलाइन बाजारात मिळणारी स्वस्त वॉकीटॉकी म्हणजे सीबी नव्हे. तिच्यातली बरीचशी दुसऱ्याच पट्ट्यावर चालते आणि तिला परवाना लागतो. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ई-कॉमर्स मंचांना नोटिसाही काढल्या. तेव्हा ट्रेकसाठी जोडी घेताना किंमत नंतर बघा, आधी डब्यावरची फ्रिक्वेन्सी वाचा. ती लिहिलेलीच नसेल, तर डबा परत करा.