कॅमेरा रात्रीच का बंद पडतो?

लेखमाला : तारा, जोडण्या आणि आपण (लेखांक ६)

वार्षिक सभेत सीसीटीव्हीचा विषय निघाला नाही अशी सोसायटी आता नवीन पनवेल, खांदा कॉलनी किंवा कामोठ्यात शोधावी लागेल. ठराव होतो, त्यात कॅमेऱ्यांची संख्या असते, कंपनी असते, रक्कम असते. केबल कोणती, स्विच कुठे बसणार, रेकॉर्डरचा पासवर्ड कुणाकडे राहणार, यावर मात्र एक ओळही नसते. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्वीच्या पद्धतीत प्रत्येक कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत एक जाड कोॲक्सियल केबल यायची आणि विजेसाठी वेगळी वायर ओढावी लागायची. १९९६ साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीनं नेटवर्कला थेट जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला आणि पद्धत बदलू लागली. आजचा आयपी कॅमेरा हा खरं तर भिंग लावलेला छोटा संगणकच असतो. चित्राचा डेटा तो स्वतःच तयार करतो आणि साध्या कॅट-सिक्स केबलवरून स्विचकडे पाठवतो. तिथून तो एनव्हीआरमध्ये, म्हणजे नेटवर्क रेकॉर्डरमध्ये जातो. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही मिळते. याला पीओई म्हणतात. २००३ साली ठरलेल्या मूळ मानकानुसार स्विचच्या एका पोर्टमधून जास्तीत जास्त १५.४ वॅट निघतात आणि केबलमधली घट धरून कॅमेऱ्यापर्यंत साधारण १३ वॅट पोहोचतील असं गृहीत धरलेलं असतं.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. गेटवरचा कॅमेरा दिवसभर स्वच्छ चित्र देतो आणि अंधार पडला की गायब होतो. वॉचमन सांगतो, ‘येतो आणि जातो.’ कॅमेरा बदलून पाहिला तरी तेच. अंधार पडताच कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त वीज खेचू लागतो. केबल लांब आणि हलकी असेल तर वाटेतच व्होल्टेज पडतं, कॅमेरा बंद होतो. भार उतरल्यावर तो पुन्हा सुरू होतो, दिवे लागतात, पुन्हा बंद पडतो. रात्रभर हेच चालतं.

हलकी केबल ओळखणं अवघड नाही. आतल्या बारीक तारेवर ब्लेड हळूच घासा. आतही तांब्याचाच रंग दिसला तर माल चांगला. पांढरट चमक दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. दुकानात तिला सीसीए म्हणतात. ती स्वस्त आणि वजनाला हलकी असते, दोन-चारदा वाकवली की तुटते आणि तिचा विद्युतरोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो. कोटेशनमध्ये ‘प्युअर कॉपर’ हे दोन शब्द लिहून घेतले नाहीत, तर हीच केबल गळ्यात पडण्याची शक्यता मोठी.

दुसरी अडचण अंतराची. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. ऑफिसपासून गेट समोर दिसतं, म्हणून अंतर कमी वाटतं. पण केबल डक्टमधून खाली उतरते, पार्किंगला वळसा घालते, कंपाउंडच्या कडेनं जाते आणि शंभरी सहज ओलांडते. काही स्विचवर २५० मीटरपर्यंत चालवण्याचं बटण असतं, पण ते दाबलं की वेग १०० वरून १० एमबीपीएसवर उतरतो. त्यापेक्षा वॉचमनच्या केबिनमध्ये एक छोटा पीओई स्विच बसवावा किंवा सरळ फायबर टाकावी. आणि आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता कॅमेऱ्यामागचा जॅक उघडा लोंबकळता कामा नये. तो वॉटरप्रूफ बॉक्समध्ये हवा आणि बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलला खालच्या बाजूनं वळण हवं, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं.

केबल नीट असूनही चित्र जातं, तेव्हा आयपी पत्ता तपासावा. एकाच कंपनीचे कॅमेरे अनेकदा कारखान्यातून एकच पत्ता घेऊन येतात. दोन फ्लॅटना एकच नंबर दिला तर पोस्टमननं काय करावं? प्रत्येकाला वेगळा, कायमचा पत्ता द्यावा आणि कॅमेऱ्यांचं नेटवर्क ऑफिसच्या वायफायपासून वेगळं ठेवावं.

इंटरनेट गेलं म्हणून रेकॉर्डिंग थांबत नाही, हे कमिटीच्या सदस्यांना मी आवर्जून सांगतो. कॅमेरा, स्विच आणि रेकॉर्डर यांचं आपसातलं नेटवर्क पुरेसं असतं. इंटरनेट लागतं ते घरबसल्या मोबाइलवर पाहण्यासाठी. त्यासाठी राउटरवर पोर्ट उघडून ठेवण्याची जुनी सवय मात्र सोडायलाच हवी. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या डाइन (Dyn) या कंपनीवर मोठा सायबर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडखळल्या. हल्ल्याला जुंपलेल्या यंत्रांमध्ये लोकांचे कॅमेरे आणि डीव्हीआर होते. मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं कारखान्यातले साठेक ठरलेले पासवर्ड वापरून ते ताब्यात घेतले होते. भारत सरकारनं एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची केली, हे योग्यच झालं. पण बसवणाऱ्यानं ‘admin’ला पर्याय म्हणून ठेवलेला सोपा पासवर्ड कोणतीही चाचणी बदलून देणार नाही. तो आपणच बदलायचा.

साठवणुकीचा हिशेब कागदावर करून पाहा. एक कॅमेरा ४ एमबीपीएसनं सतत चालला तर दिवसाला सुमारे ४३ जीबी डेटा तयार होतो. १६ कॅमेरे म्हणजे जवळपास ६९० जीबी. चार टीबीची हार्ड डिस्क सहा दिवसही पुरत नाही. एच.२६५ या पद्धतीनं हा आकडा साधारण निम्म्यावर येतो. ‘३० दिवसांचं रेकॉर्डिंग’ असं कोटेशनमध्ये लिहिलं असेल, तर ते कोणत्या हिशेबानं, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

रेकॉर्डरचं घड्याळही बघावं. ते वीस मिनिटं मागे असलं तर पोलिसांना दिलेल्या फुटेजवर पहिली शंका तिथेच येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिची डिजिटल ओळखखूण, नोंदवावं लागतं.

पुढच्या आठवड्यात दोन इमारतींमध्ये फायबर कशी टाकतात ते पाहू. तोवर वाचकांनी एक करावं : आज रात्री दहानंतर ऑफिसात जाऊन रेकॉर्डरच्या पडद्यावर सगळे कॅमेरे दिसतात का ते मोजावं, सर्वांत जुनं रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचं आहे ते पाहावं आणि ॲडमिनचा पासवर्ड सेक्रेटरींकडे लेखी आहे का, हे त्यांना विचारावं.