विड्यांतील पान, सुपारी व तंबाखू : कर्करोगाच्या दृष्टीनें विचार

सरकारी नोकरींत असतांना वसई तालुक्यांतील गांवांच्या पीकपाहणीच्या नोंदी तपासण्याचें काम माझ्याकडे पुष्कळ वर्षें होतें. गांव नमुना 12 मध्यें एकाच गटाखालीं केळी, नारळ, सुपारी, पानवेल अशीं पिकें ओळीनें लिहिलेलीं असत. हीं नांवें मीं इतक्या वेळां वाचलीं व उतरून घेतलीं, परंतु त्यांपैकीं एखाद्या पिकाचा मनुष्याच्या प्राणाशीं कांहीं वाकडा संबंध असेल अशी शंका मला कधीं आली नाहीं. आतां पीकपाहणी शेतकरी स्वतःच मोबाईलवर नोंदवितो, आणि मी निवृत्त झालों. पण अजूनहि आमच्या बाजूच्या कांहीं वाड्यांत पानवेल व सुपारी शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. वैद्यकशास्त्राच्या वहींत मात्र या दोन शेजाऱ्यांचीं खातीं निरनिराळीं मांडलेलीं आहेत. तीं कशीं, हें आपणा बागायतदारांस ठाऊक असणें जरूर वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

कर्करोग हा शाप नव्हे, पूर्वजन्मींचें पाप नव्हे आणि रोग्याच्या ताटांत जेवल्यानें लागणारा स्पर्शजन्य विकारहि नव्हे. आपलें शरीर ज्या सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे त्या झिजतात व त्यांच्या जागीं नव्या येतात. एकाच ठिकाणीं पुनःपुन्हां इजा होत राहिली, अथवा विषारी द्रव्याचा संपर्क घडत राहिला, म्हणजे ही नवी उत्पत्ति कधींतरी चुकते. आणि मर्यादा सोडून वाढणाऱ्या पेशींची गांठ किंवा व्रण तयार होतो. यास बहुधा दहा, वीस, तीस वर्षें लागतात. त्यामुळेंच “आमचे आजोबा जन्मभर तंबाखू खाऊन नव्वद वर्षें जगले” हें उत्तर ऐकूं येतें. असे आजोबा असतात, मीहि पाहिले आहेत. पण जे पन्नाशींतच गेले ते आजोबा झालेच नाहींत, म्हणून त्यांचा दाखला कोणी देत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें एकंदर कर्करोगांपैकीं तीस ते पन्नास टक्के टाळतां येण्याजोगे आहेत. उरलेले आपल्या हातीं नाहींत हें प्रथमच कबूल केलें पाहिजे, नाहीं तर रोग झालेल्या बिचाऱ्यास आपण उगाच दोष देत बसूं.

मुंबईंत परळ येथें 28 फेब्रुवारी 1941 रोजीं टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें. तेथील रोगविकृतिशास्त्राचे संशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं लोकांच्या चालीरीति व कर्करोगाची जागा यांचा मेळ घालून पाहिला. आंध्रच्या किनाऱ्याकडे चुट्टा नांवाची विडी पेटतें टोंक तोंडाच्या आंत ठेवून ओढण्याची चाल आहे. तेथें रोग टाळूस होतो. बिहारकडे चुना चोळलेली तंबाखू खालच्या ओठाआड धरतात. तेथें रोग त्याच जागीं. आपल्याकडे धोतराची गांठ वर्षानुवर्षें कंबरेवर एकाच ठिकाणीं घांसते; तेथील कातडीसहि क्वचित् हा रोग झाल्याचें त्यांनीं दाखविलें. बांधास भोंक कोठें आहे हें पाणी जेथें झिरपतें त्यावरून शेतकरी ओळखतो, तसाच हा प्रकार होय.

आतां विडा उलगडून पाहूं. पान, चुना, कात, सुपारी आणि शौकिनांसाठीं तंबाखू, एवढें त्यांत असतें. यांपैकीं तंबाखू तर उघड वैरी. तिचें पान सुकवितांना, मुरवितांना व सांठवितांना त्यांत नायट्रोसॅमाइन नांवाचीं द्रव्यें तयार होतात, आणि तीं कर्करोग उत्पन्न करणारीं आहेत. धूर न काढतां नुसती गालांत धरली तरी तीं द्रव्यें लाळेंतून त्वचेंत शिरतात. चुना तोंडाची नाजूक त्वचा भाजतो व तंबाखूचा अंमल लवकर चढवितो. मळून खाणारांस तो हवासा वाटतो तो याच कारणानें.

सुपारीविषयीं मात्र आपल्यांत मोठा गैरसमज आहे. “मी तंबाखू खात नाहीं, नुसती सुपारी खातों,” असें अभिमानानें सांगणारे गृहस्थ प्रत्येक गांवांत भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें 1985 सालीं तंबाखूयुक्त विड्यास दोषी ठरविलें होतें. पुढें 2003 सालीं झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकींत तंबाखू नसलेला सुपारीचा विडा व खुद्द सुपारी यांसहि कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गांत घातलें. सुपारींतील अरेकोलीन नांवाच्या द्रव्यानें तोंडाच्या आंतील मऊ त्वचेखालीं तंतु वाढतात, गाल चामड्यासारखे ताठ होतात आणि जबडा उघडेनासा होतो. पुढें यांतील कांहीं जणांस त्याच जागीं कर्करोग होतो. हल्लीं पुड्यांतून मिळणाऱ्या सुगंधी सुपारीनें व गुटख्यानें ही व्यथा विशींतील पोरांनाहि होऊं लागली. महाराष्ट्रांत 2012 सालापासून गुटख्यावर बंदी आहे. बंदी असूनहि रिकाम्या पुड्या रस्त्याच्या कडेला दिसतात, हें काय सांगावें!

राहिलें पान. एकट्या पानावर असा ठपका अद्याप ठेवलेला नाहीं. पानवेल लावणाऱ्या आपल्या बंधूंस एवढें समाधान खुशाल मानतां येईल. सुपारीच्या बागायतदारास काय सांगावें, हा अवघड प्रश्न आहे. उभीं झाडें तोडा असें मी म्हणणार नाहीं; ज्याचें पोट त्यावर आहे त्यास उपदेश करणें सोपें असतें. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनीं 1981 सालीं भावासाठीं केवढें आंदोलन केलें हें ज्यांस आठवतें त्यांस पिकामागील संसारहि दिसतो. परंतु नवी लागवड करतांना हा हिशेब डोळ्यांपुढें असावा, आणि आपल्या घरच्या पोरांच्या हातीं कातरलेली सुपारी देऊं नये. सुपारी देवापुढें ठेवण्यास हरकत नाहीं.

या प्रकरणीं दोन माणसांची हकीकत सांगतों, त्यांतील एक मी स्वतः. आमच्या कचेरींत तंबाखूची एकच चंची चार टेबलांवर फिरत असे. दुपारचें काम तिच्यावांचून सरकत नसे, असें आम्हांस वाटे. माझे एक सहकारी तंबाखू घेत नसत. त्यांच्या खिशांत सुपारीच्या खांडांची डबी असे. एके वर्षीं जेवणाच्या सुट्टींत ते भाकरीचा तुकडा चुरून चहांत भिजवूं लागले. तिखट सोसत नाहीं, म्हणत. आम्हीं थट्टा केली. गालास एक फोड आली, ती बरी होईना. जवळच्या एका दवाखान्यांतून त्यांस सहा महिने मलम व जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळत राहिल्या. परळास पोहोंचले तेव्हां अर्धा जबडा काढावा लागला, आणि त्यानंतर चौदा महिन्यांनीं ते गेले. त्यांच्या वारसांच्या नोंदीचा फेरफार माझ्याच टेबलावर आला.

त्या वर्षीं मीं दांतांच्या डॉक्टरांकडे जाऊन तोंड दाखविलें. एकोणिसाव्या वर्षापासून ज्या बाजूस मी तंबाखू धरीत होतों त्याच डाव्या गालाच्या आंत एक पांढरा चट्टा निघाला. तपासणीअंतीं तो अजून कर्करोग नव्हता. डॉक्टरांनीं एवढेंच सांगितलें कीं, चंची सोडा आणि दर तीन महिन्यांनीं दाखवावयास या. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. घरांत विनाकारण तंटे केले, मंडळींनीं सोसलें. वर्षभरांत चट्टा फिकट होत जाऊन दिसेनासा झाला. हें माझेंच नशीब असें नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील दंतसंशोधकांनीं केरळ, आंध्र व गुजराथ येथील खेड्यांत तंबाखू वापरणाऱ्या सुमारें छत्तीस हजार लोकांस घरोघर जाऊन समजावलें व त्यांचीं तोंडें वर्षोवर्ष तपासलीं. 1986 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतांत सोडणारांची संख्या वाढली व असे नवे चट्टे पडण्याचें प्रमाण घटलें असें आढळून आलें. 2016-17 च्या पाहणीप्रमाणें आपल्या राज्यांत दर शंभर प्रौढांत सुमारें सत्तावीस जण तंबाखू वापरतात, आणि त्यांतील बहुतेकांची ती तोंडांतच ठेवण्याची. यास्तव आपल्याकडे पहिला बांध येथेंच घालावयास हवा.

स्त्रियांची तंबाखू बहुधा मशेरीच्या रूपानें असते. तव्यावर भाजून दांतांस लावल्यानें ती औषध होत नाहीं. स्त्रियांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूमुळें होतो, आणि तो होण्यापूर्वींच्या खुणा तपासणीनें कळतात. उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लक्ष तीस हजारांवर स्त्रियांस घेऊन केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष 2009 सालीं प्रसिद्ध झाला : या विषाणूची तपासणी केवळ एकदां केली, तरी पुढील वर्षांत या रोगानें होणारे मृत्यु सुमारें निम्म्यावर येतात. त्या बहुतेक शेतकऱ्यांच्याच लेकीसुना. मुलींस लहान वयांत या विषाणूविरुद्ध लसहि देतां येते. लाजेखातर तपासणी टाळणाऱ्या घरच्या स्त्रियांस पुरुषांनीं स्वतः घेऊन जावें. स्तनांत गांठ हातास लागली, मग ती दुखत नसली तरी, दाखवावी. बहुतेक वेळां अशी गांठ प्रारंभीं दुखत नाहींच.

दारूविषयीं थोडक्यांत. लग्नकार्याच्या मांडवांत ती चालते हें मला ठाऊक आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत यांच्या कर्करोगाचें ती कारण असल्याचें 1988 पासून मान्य झालेलें आहे, आणि तंबाखूबरोबर घेतल्यास दोहोंचा अपाय एकमेकांस वाढवितो.

वाडींतील फवारणीकडे मात्र अधिक लक्ष द्यावें. पान धुऊन तसेंच खाल्लें जातें, शिजविलें जात नाहीं. म्हणून औषध मारल्यावर किती दिवस तोडणी करूं नये हें डब्यावरील चिठींत पाहूनच पान खुडावें. लिंडेन हें औषध 2015 सालीं निश्चित कर्करोगकारक ठरलें; आपल्या देशांत त्याचा वापर 2013 पासूनच बंद आहे, तेव्हां कोणाच्या माळ्यावर जुना डबा उरला असेल तर तो वापरूं नये. मॅलाथिऑन व ग्लायफोसेट यांवरहि त्याच सालीं संशय नोंदला गेला. सिद्धता मर्यादित आहे, पण उघड्या अंगानें व वाऱ्याच्या तोंडास उभें राहून फवारण्यास तेवढें निमित्त पुरे मानूं नये काय? पंप बावखळांत धुण्याची खोड सोडावी. तेंच पाणी फिरून वाडीस जातें.

ओलसर जागीं ठेवलेल्या शेंगदाण्यास व मक्यास जी हिरवी-पिवळी बुरशी येते तिचें विष यकृताच्या कर्करोगास कारण होतें. 1974 सालीं गुजराथ-राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी गांवांत बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसें यकृत बिघडून दगावलीं होतीं. आपल्या किनाऱ्याची हवा दमट. धान्य कडकडीत वाळवून जमिनीपासून उंच ठेवावें आणि बुरसलेले दाणे कोंबड्यांपुढेंहि टाकूं नयेत.

धुराबद्दल आपण एकटे थोडेंच करूं शकतों. गोखिवरे येथील कचऱ्याच्या ढिगास आग लागते तेव्हां धूर गांवभर फिरतो, आणि दूषित हवा 2013 पासून कर्करोगकारकांत गणली जाते. त्यासाठीं महानगरपालिकेकडे अर्ज, स्मरणपत्रें व पुन्हां अर्ज हाच मार्ग. त्यांत मी जुना कारकून म्हणून मदत करीन. परंतु वाडीच्या कोपऱ्यांत पालापाचोळ्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या जाळणें आपल्याच हातीं आहे, तें थांबवावें.

आहाराविषयीं पुस्तकें पुष्कळ निघतात. आपली भाजी पहांटेच्या गाडीनें मुंबईस जाते आणि संध्याकाळीं त्याच टोपलींतून पोरांसाठीं तळलेल्या खाऊच्या पुड्या घरीं येतात. त्यांतील निम्मी भाजी घरांतच शिजली तर पुरे. कोंड्यासकट धान्य, कडधान्यें, फळें खावींत, वजन बेताचें राखावें. अमुक एका फळानें वा काढ्यानें झालेला कर्करोग बरा होतो असें सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवूं नये. त्या नादांत जे महिने जातात ते भरून येत नाहींत.

तोंडाची पाहणी घरच्या घरीं होते. महिन्यांतून एकदां उजेडांत आरसा धरून दोन्ही गाल, हिरड्या, जीभ व जिभेखालची जागा पाहावी. पांढरा वा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, तिखटाची आग, मानेंत गांठ, आवाजांत बदल यांपैकीं कांहीं आढळल्यास थांबूं नये. तीन बोटें उभीं धरून दांतांमध्यें शिरतात कीं नाहीं तेंहि पाहावें. प्रथम जवळच्या सरकारी रुग्णालयांत दंतवैद्यास दाखवावें. पुढें परळास जाण्यास सांगितलें तर जुने कागद व तपासण्यांचे अहवाल बरोबर घेऊन पहिल्या गाडीनें निघावें, कारण तेथें गर्दी फार असते. तंबाखू सोडूं इच्छिणारांस 1800-11-2356 या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. मीं सोडली तेव्हां हा क्रमांक नव्हता. चंची शेजाऱ्यापाशीं ठेवावयास दिली होती, आणि दोनदां परत मागावयास गेलों असतां त्यानें दार उघडलें नाहीं.