पंचवीस टक्के जागा आणि एका किलोमीटरची पळवाट

शाळाप्रवेशाचे दिवस आले की वस्तीत एकच विचारणा सुरू होते, "पोरीचा नंबर लागला का?" नंबर म्हणजे आर.टी.ई.चा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातले बाराव्या कलमातील एक पोटकलम आपल्या घरांसाठी फार मोलाचे आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या, फी त्यांच्याकडून घ्यायची नाही, ती शासनाने भरून द्यायची. वर्गात चाळीस मुले असतील तर दहा आपली. अल्पसंख्याकांच्या शाळा तेवढ्या यातून वगळल्या आहेत.

या जागांना मागणी किती? २०२३ साली राज्यात सुमारे एक लाख जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले होते. लॉटरी काढल्याशिवाय भागत नाही.

आणि नेमक्या याच जागांवर ९ फेब्रुवारी २०२४ रोजी घाला आला. ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांचे बंधन नाही, अशी दुरुस्ती राज्य शासनाने नियमांत केली. वाचायला साधी वाटते. पण मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत बहुतेक ठिकाणी सापडतेच. म्हणजे कागदावर कायदा शाबूत, आणि आपल्या हातात काही नाही! त्या वर्षी सुरुवातीला पालकांचे अर्जही एकदम रोडावले, कारण यादीत दिसू लागल्या त्या बहुतेक सरकारी व अनुदानित शाळाच.

महापालिकेची शाळा जवळ असताना खाजगी शाळेचे पैसे शासनाने का भरावेत, असा युक्तिवाद होता. महापालिकेच्या शाळा सुधारल्या पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. आमच्यापैकी अनेकजण तिथेच शिकले. परंतु "जवळच्या सरकारी शाळेत जा" हे बंगल्यातल्या मुलाला कोणी सांगत नाही. ते फक्त आपल्या मुलांना का सांगायचे?

काही पालक व संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्दच केली. संसदेच्या कायद्याने दिलेला हक्क राज्याच्या नियमाने काढून घेता येत नाही, हा त्याचा गाभा. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी हिशेब मांडला होता, की प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल झाली तर चौथीपर्यंत अठराच पोहोचतात. वाटेत गळणाऱ्या ब्याऐंशी मुलांत आपली मुले किती असतील, हे वेगळे सांगायला नको.

आता कागदांचे. अनुसूचित जातीच्या मुलाला या प्रवेशासाठी उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला मात्र लागतो. वडिलांचा असला तरी चालतो, परराज्यातला चालत नाही. दाखल्यावर धर्म बौद्ध आहे म्हणून सवलत जाते, असा गैरसमज काही घरांत अजून आहे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे, तेव्हा घाबरू नये. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची खरी अडचण पत्त्याची. साध्या कागदावर लिहून घेतलेला भाडेकरार पडताळणीत टिकत नाही, तो नोंदणी केलेला हवा, आणि अर्ज भरण्याच्या आधीचा हवा. फॉर्म सुटल्यावर धावपळ करून हे होत नाही. दिवाळीनंतर लगेच कामाला लागावे.

प्रवेश मिळाल्यावर काही शाळा फीऐवजी दुसऱ्या नावाने पैसे मागतात. अशा वेळी माताभगिनींनी संकोच न करता पावती मागावी आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला कचेरीत किंमत नसते, हे कारकून म्हणून सांगतो.

आणखी एक गोष्ट पालक विसरतात. ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीला त्याच शाळेची पूर्ण फी समोर येते, तीही नेमकी मूल शाळेत रुळल्यावर. म्हणून मूल सातवीत असतानाच जवळच्या अनुदानित हायस्कूलमध्ये जाऊन नववीच्या जागांची चौकशी करून ठेवावी.