‘कोणीही वापरा’ म्हणजे परवाना नव्हे

जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा दोनेकशे ओळींचा कोड कोणीतरी रविवारी बसून लिहितो आणि गिटहबवर टाकतो. ज्याला हवा त्याने घ्यावा, एवढीच त्याची इच्छा. परवान्याची फाइल मात्र नसते. विचारलं की उत्तर येतं, “उघड्यावर टाकलाय ना, मग ओपन सोर्सच झाला की!”

नाही झाला. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याने कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतींत बसवलं आहे. त्यामुळे कवितेला जे लागू तेच कोडला. लिहिला की हक्क आलाच. त्यासाठी नोंदणी लागत नाही, वर्तुळातला ‘सी’ही लागत नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत टिकतो आणि त्यानंतर आणखी 60 वर्षं. म्हणजे परवान्याबद्दल गप्प बसणाऱ्याने, मनात नसताना, “हात लावू नका” अशी पाटी लावलेली असते. गिटहबच्या अटींमुळे इतरांना तो कोड तिथे पाहता येतो, तिथल्या तिथे फोर्क करता येतो. स्वतःच्या ॲपमध्ये घालायची मुभा त्यातून मिळत नाही.

मग काही जण रीडमीत ‘कोणीही वापरा’ असं लिहून मोकळे होतात. पण वापरा म्हणजे नुसता चालवा, की बदला, की बदलून विका? आपल्या मनात सगळंच असतं, पण वकिलाला मन दिसत नाही. हक्कच सोडून द्यायचा, तर कायद्याच्या कलम 21 प्रमाणे निबंधकाला कळवावं लागतं किंवा जाहीर सूचना द्यावी लागते. त्यापेक्षा एमआयटी परवाना सोपा. इंग्रजीत दोनशे शब्दही नाहीत. घ्या, बदला, विका. फक्त माझं नाव आणि हा मजकूर सोबत ठेवा, आणि बिघडलं तर मी जबाबदार नाही. शेवटचं वाक्य कंटाळवाण्या मोठ्या अक्षरांत असतं म्हणून कोणी वाचत नाही. खरं तर फुकट देणाऱ्या एकट्या माणसाला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते.

स्वतःचा परवाना रचण्याची हौस मात्र आवरावी. डग्लस क्रॉकफर्ड या प्रोग्रॅमरने जेसन (JSON) या डेटा-स्वरूपाच्या कोडसोबतच्या परवान्यात एकच ओळ वाढवली: हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. हेतू निर्मळ, पण चांगलं-वाईट ठरवणार कोण? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तो परवाना मुक्त मानला नाही.

“पैसे कमावणाऱ्यांना बंदी, बाकी सगळ्यांना खुला” ही अट तर फारच लोकप्रिय. ती घातली की प्रकल्प ओपन सोर्सच्या रूढ व्याख्येतून बाहेर पडतो. लिनक्स हाही 1991 मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याचा छंदच होता आणि त्याच्या पहिल्या परवान्यात पैसे घेण्याला मनाई होती. फ्लॉपीवर प्रती काढून वाटणाऱ्याला फ्लॉपीचा खर्चही मागता येईना. 1992 मध्ये टॉरव्हाल्ड्सने जीपीएल स्वीकारला. जीपीएल विक्री अडवत नाही. प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती देताना सोर्स कोडही त्याच परवान्याखाली द्या, एवढंच तो सांगतो. स्वतःच्या ऑफिसात बदल करून वापरणाऱ्याला काहीच उघड करावं लागत नाही.

आणि सर्वांत हताश समजूत: “आपण छोटे, परवाना मोडला तर काय करणार?” रॉबर्ट जेकबसन हा कॅलिफोर्नियातला भौतिकशास्त्रज्ञ. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या कॉम्प्युटरवरून चालवणारं जेएमआरआय हे सॉफ्टवेअर तो आणि त्याचे सवंगडी छंद म्हणून लिहीत, तेही ‘आर्टिस्टिक’ नावाच्या परवान्याखाली. मॅथ्यू कॅटझर या व्यावसायिकाच्या उत्पादनात त्यातल्या फाइली गेल्या आणि लेखकांची नावं, कॉपीराइटच्या ओळी गायब झाल्या. वर पेटंटच्या नावाखाली जेकबसनकडेच पैशांची मागणी! जेकबसन न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयाला यात फार तर कराराचा भंग दिसला. ऑगस्ट 2008 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने ते मत फिरवलं. परवान्यातल्या अटी मोडणं हा कॉपीराइटचाच भंग ठरू शकतो, आणि फुकट वाटलेल्या कामातही लेखकाचं आर्थिक हित असतं, असं सांगितलं. 2010 च्या तडजोडीत कॅटझरने 1,00,000 डॉलर देण्याचं मान्य केलं. खेळण्यातल्या आगगाडीवरून!

नोकरी करणाऱ्यांसाठी एक निराळं कलम आहे, 17. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते. रविवारी घरच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड सहसा यात येत नाही, पण हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांची काही नेमणूकपत्रं कलमापेक्षा लांब हात पसरतात. परवाना निवडण्याआधी ते पत्र काढून वाचा. जे आपलं नाही त्याला परवाना आपण कसा देणार?

“परवाना नंतर बदलू” हे अर्धंच खरं. पुढच्या आवृत्तीचा परवाना बदलता येतो, पण जी आवृत्ती लोकांनी आधीच घेतली, तिचा परवाना एमआयटीसारखा असेल तर त्यांच्यापुरता तो कायम राहतो. शिवाय चार जणांचे पॅच आत आले की त्या चौघांचाही हक्क आला. व्हीएलसी प्लेअरचा गाभा 2011 मध्ये जीपीएलवरून त्याहून सैल अशा एलजीपीएलवर नेताना जुन्या-जुन्या प्रोग्रॅमरांना शोधून त्यांची संमती मिळवावी लागली. तुमच्या प्रकल्पात अजून एकच नाव असेल, तर फाइल आजच टाका. गिटहबच्या यादीतून परवाना निवडायचा, एमआयटी असेल तर साल आणि स्वतःचं नाव भरायचं. बाकी मजकुराला हात लावायचा नाही.