सपाट स्पीकर आणि ‘स’चा प्रश्न

मराठीत ‘जग’ हा शब्द दोन प्रकारे उच्चारतात. ‘सारे जग’ मधला ज वेगळा आणि ‘सुखाने जग’ मधला वेगळा. लिहिताना फरक नाही, कानाला मात्र आहे. असा फरक मुख्यतः काही हजार हर्ट्झच्या घर्षणध्वनीत असतो. स, श आणि दोन प्रकारचे च यांचेही तसेच. वर्गातला स्पीकर हा वरचा भाग गिळत असेल, तर शेवटच्या बाकावर ‘साल’ आणि ‘शाल’ यांत गोंधळ होतो. शाळेत बनवलेल्या सपाट स्पीकरची परीक्षा इथेच असते.

नेहमीच्या स्पीकरचा कागदी शंकू पुढेमागे हलतो. सपाट स्पीकरमध्ये शंकू नसतो. हलक्या, ताठ पत्र्याला एका जागी हादरे दिले की त्यात वाकण्याच्या लहरी पसरतात. या लहरींचे वैशिष्ट्य असे, की वारंवारता चौपट झाली की त्यांचा वेग दुप्पट होतो. त्या कडांवरून परततात आणि पत्रा अनेक तऱ्हांनी कंप पावतो. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून क्लाडनीने १७८७ साली ज्या आकृत्या प्रसिद्ध केल्या, त्याच या. पत्रा आडवा ठेवून त्यावर बारीक रांगोळी भुरभुरा. स्थिर राहणाऱ्या रेषा मुलांना दिसू शकतील.

हादरे देणाऱ्या भागाला एक्सायटर म्हणतात. पुण्यात असले सुटे भाग शोधायचे तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठावी. पत्र्यासाठी २ सेंमी जाडीचा, ६० × ४५ सेंमीचा थर्मोकोल घ्या. (महाराष्ट्रात २०१८ साली थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा खोक्यातून निघालेला सपाट तुकडा मिळाला तर उत्तम.) दोन्ही बाजूंना पातळ फेविकॉलने कागद चिकटवा. वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या थरांवर येतो, म्हणून एवढ्याशा कागदाने ताठपणा बराच वाढतो, वजन मात्र थोडेच वाढते.

एक्सायटर मधोमध लावू नका. कितीतरी कंपनप्रकारांची स्थिर रेषा नेमकी मध्यातून जाते. तिथे हादरा देऊन ते प्रकार जागेच होत नाहीत. लांबीच्या ३/७ आणि रुंदीच्या ४/९ वर, म्हणजे एका कोपऱ्यापासून सुमारे २६ आणि २० सेंमीवर तो चिकटवा. पत्रा दोऱ्याने भिंतीपासून दूर टांगा. खर्ज कमीच मिळेल. पुढचा व मागचा आवाज तिथे एकमेकांना खोडतो. बोलण्यासाठी ते चालते.

वरच्या टोकाला वेगळी अडचण आहे. थर्मोकोल सूक्ष्म कंपने शोषतो, शिवाय एक्सायटरच्या कॉइलचे वजन आणि व्यास आड येतात. म्हणून शेजारी ट्वीटर. ८ ओहमचा ट्वीटर ३.३ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून एक्सायटरला समांतर जोडा. छेदवारंवारता १/(२πRC), म्हणजे सुमारे ६,००० हर्ट्झ. कपॅसिटर ध्रुवता नसलेलाच हवा. एक्सायटरही ८ ओहमचा असेल तर वरच्या वारंवारतांना एकूण भार ४ ओहमच्या जवळ येतो; अॅम्प्लिफायरला तो झेपतो का, ते आधी पाहा.

आता मोजणी. फोनमध्ये फायफॉक्स हे मोफत अॅप घ्या. दुसऱ्या फोनवरून ५००, १०००, २०००, ४०००, ८००० हर्ट्झचे स्वर वाजवा. पंखे बंद. सपाट स्पीकरचा आलेख फार खडबडीत असतो. फोन वीतभर सरकवला तरी आकडा बदलतो. म्हणून प्रत्येक स्वराला पाच जागी मोजून सरासरी काढावी.

फोनचा मायक्रोफोन अचूक नसतो, ही शंका मुले विचारतीलच, आणि ती रास्त आहे. पण आपल्याला फरक हवा आहे. आधी ट्वीटर सोडवून, मग जोडून, त्याच फोनने, त्याच जागी, आवाजाची कळ न हलवता मोजा. मायक्रोफोनची चूक दोन्ही आकड्यांत सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. ५०० आणि १००० हर्ट्झला फरक जवळजवळ शून्य यायला हवा. तो आला नाही, तर मांडणीत काहीतरी हलले आहे.

हीच मोजणी शेवटच्या बाकावर पुन्हा करावी. सपाट पत्रा आवाज चौफेर पसरवतो, ट्वीटर मात्र समोरच्या झोतात. तेव्हा कडेच्या बाकांवर फायदा कमी दिसेल. ट्वीटर थोडा वळवून पाहा. मग आकडे बाजूला ठेवून ‘साल, शाल, चाल’ असे वीस शब्द सरमिसळ करून वाजवा, आणि मागच्या ओळीला शुद्धलेखन घाला.