परळमध्ये चालत्या पेशींच्या मागावर

गालातला कर्करोगाचा व्रण कापून काढता येतो. त्यातल्या पेशी मानेत उतरल्या की मात्र प्रकरण अवघड होतं. टाटा रुग्णालय १९४१ साली मुंबईत परळला उघडलं, तेव्हापासून विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर तिथे कर्करोगाचे नमुने तपासत होते. पण काचेवर रंगवलेली पेशी मेलेली असते, तिची चाल दिसत नाही. त्यासाठी पेशी जिवंत वाढवाव्या लागतात. ती सोय जीवशास्त्रज्ञ कमल रणदिवे यांनी केली. बाल्टिमोरला ऊतिसंवर्धनाचे जाणकार जॉर्ज गाय यांच्याकडे काम करून आल्यावर त्यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. माझ्या मते पुढचं सगळं त्या प्रयोगशाळेमुळे शक्य झालं.

पेशी चालते ती ज्याच्या जोरावर, ते ॲक्टिन हे प्रथिन १९४२ साली हंगेरीत स्नायूंतून वेगळं काढलं गेलं, आणि बराच काळ ते स्नायूंचंच समजलं गेलं. सरकणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेला याच ॲक्टिनचे तंतू वाढतात आणि पडदा पुढे रेटतात. पण तंतू नुसते वाढून भागत नाही, सोबतीला इतर प्रथिनं लागतात. प्रोफिलिन त्यांना कच्चा माल पुरवतं, आर्प२/३ फांद्या फोडतं, कोफिलिन जुने तंतू तोडून माल मोकळा करतं. फॅसिन मात्र तंतूंची घट्ट जुडी बांधतं. त्या ताठ जुड्यांच्या आधाराने पेशी बारीक बोटं पुढे काढते आणि वाट चाचपते.

परळमध्येच तोंडाच्या गाठींपासून चार पेशीवंश तयार झाले. त्यांचा शोधनिबंध १९९० साली आला. तंबाखूच्या कृपेने नमुन्यांची वानवा या शहराला कधीच नव्हती. २००२ साली टाटाची संशोधन संस्था खारघरला गेली, रुग्ण बहुतांशी परळलाच राहिले. तरी खारघरच्या मिलिंद वैद्य यांच्या गटाने टाटाच्या शल्यविशारदांसोबत २०१२ साली फॅसिनवरचं काम प्रसिद्ध केलं. पेशींत फॅसिन वाढवलं की त्या जास्त सरकतात, जास्त घुसतात. रुग्णांच्या गाठींतही जास्त फॅसिन आणि मानेतल्या ग्रंथींपर्यंतचा प्रसार यांचा संबंध दिसला.

फॅसिनला रोखणारी औषधं अजून प्रयोगावस्थेत आहेत. मानेचा निकाल तोवर सुरीनेच लागतो, आणि तो लवकर लागावा हेही टाटानेच दाखवलं. २०१५ साली अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या चाचणीत, मानेत काहीही हाताला लागत नसताना तिथल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं.